हवेवर उभी असलेली जुनी गाडी: नवा स्ट्रट घेण्याआधी काय तपासायचं

मे महिन्यातली गोष्ट. काटोलला बागेच्या ओलिताचं पाहायचं होतं म्हणून पहाटे साडेपाचला पोर्चमध्ये आलो, तर माझी लँड रोव्हर डिस्कव्हरी ४, लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेली गाडी, डाव्या पुढच्या चाकावर बसलेली. बैल बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, अगदी तशी. इंजिन सुरू केलं, कॉम्प्रेसर घुरघुरला, थोड्या वेळानं गाडी उठली आणि काही झालंच नाही अशा थाटात उभी राहिली. ज्या गॅरेजात नेली तिथल्या मिस्त्रीनं चाकसुद्धा न काढता निदान केलं, "भाऊ, फुगा गेला. स्ट्रट बदलाव लागते." बदलला. तिसऱ्या सकाळी गाडी पुन्हा बसलेली. शेवटी सापडलं ते भलतंच. चाकाच्या आतल्या प्लास्टिकमागून जाणारी हवेची नळी उंदरानं कुरतडली होती. जुना स्ट्रट ठणठणीत होता. तो आजही माझ्या स्टोअररूमच्या कोपऱ्यात उभा आहे, आणि घरात कोणी "हे काय आहे" म्हणून विचारलं की मी विषय बदलतो.

तेव्हापासून हवेच्या सस्पेन्शनच्या जुन्या गाड्या घेऊन लोक माझ्याकडे सल्ल्याला येतात. डिस्कव्हरी ३ आणि ४, पहिली रेंज रोव्हर स्पोर्ट, जुनी ऑडी क्यू७, फोक्सवॅगन टूरेग, पोर्शे केयेन, मर्सिडीज जीएल. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या, दिसायला देखण्या, आणि पुढच्या स्ट्रटच्या जोडीच्या किमतीचा आकडा ऐकला की घाम फोडणाऱ्या. खाली लिहिलेलं सगळं त्यांच्यासाठी.

एका नळकांड्यात दोन वस्तू

स्ट्रट घेताना सगळा घोळ एका गैरसमजातून होतो. आपण त्याला एकच वस्तू समजतो. प्रत्यक्षात त्यात दोन वस्तू एकमेकींत बसवलेल्या असतात. वर दोरा गुंफलेल्या रबराची पिशवी, तिला मिस्त्री लोक फुगा किंवा बेलो म्हणतात. ती गाडीचं वजन उचलते, म्हणजे स्प्रिंगचं काम करते. तिच्या पोटातून खाली जातो तो तेलाचा शॉकअप, जो उसळी शमवतो. फुगा मरतो वयानं, उन्हानं आणि मातीनं. शॉकअप मरतो किलोमीटरनं आणि खड्ड्यांनी. दोघांचं आयुष्य वेगवेगळं असतं, आणि तुमच्या गाडीत नेमकं कोण गेलं यावर काय विकत घ्यायचं ते ठरतं.

प्रत्येक गाडीत ही जोडी असतेच असंही नाही. डिस्कव्हरी ३ आणि ४ मध्ये चारही कोपऱ्यांत फुगा आणि शॉकअप एकत्र आहेत. २००२ ते २०१२ च्या मोठ्या रेंज रोव्हरमध्ये पुढे एकत्र स्ट्रट, पण मागे फुगा वेगळा आणि शॉकअप वेगळा. मर्सिडीजच्या पहिल्या जीएलमध्येही मागे तसंच. अशा गाडीत मागचा फुगा फाटला तर नुसता फुगा घ्या. पूर्ण "सेट" गळ्यात मारणारा विक्रेता भेटला तर हसून पुढे व्हा.

आधी गुन्हेगार पकडा

गाडी बसते म्हणजे हवा कुठूनतरी जाते, एवढंच सिद्ध होतं. ती फुग्यातून जाईल, फुग्याच्या माथ्यावरच्या पितळी जोडातून जाईल, नळीतून जाईल किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधून, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला हवा वाटणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यातून. पैकी पहिलंच महाग आहे. म्हणून तपासणी शेवटच्या तीनपासून सुरू करायची.

त्याआधी बॅटरी. व्होल्टेज पडलेली जुनी बॅटरी या गाड्यांत सस्पेन्शनचे खोटे इशारे दाखवते. चार वर्षांची बॅटरी असेल तर ती तपासल्याशिवाय पुढचं काही करू नका.

मग टेप घ्या. सपाट फरशीवर गाडी उभी करा, नॉर्मल उंचीवर. चाकाच्या मधल्या टोपीच्या केंद्रापासून सरळ वर, मडगार्डच्या कमानीच्या काठापर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजा आणि कागदावर लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा हिशेब बिघडवते. रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा मोजायचं.

इथे एक चकवा आहे, आणि त्यात भले भले फसतात. बंद गाडीतलाही सस्पेन्शनचा संगणक काही तासांनी जागा होतो आणि गाडी समतल करतो. कॉम्प्रेसर बंद असल्यामुळे तो वर उचलू शकत नाही, म्हणून सगळ्यात खाली गेलेल्या कोपऱ्याच्या पातळीला बाकीच्यांना आणतो. सकाळी चारही कोपरे बसलेले दिसतात आणि मालकाला वाटतं चारही फुगे गेले. प्रत्यक्षात एकच चोर असतो, बाकी तिघांना त्याच्या रांगेत बसवलेलं असतं. म्हणून मोजमापाच्या रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवा. कोणता ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. सकाळी मोजून झालं की परत लावा.

माझा त्या आठवड्यातला कागद अजून आहे. पुढे डावीकडे रात्री ४७ सेंटिमीटर, सकाळी ४१. उजवीकडे ४७ चे ४६.६. मागची दोन्ही चाकं ३ मिलिमीटरच्या आत. यात उजवीकडचे ४ मिलिमीटर आणि मागचे ३ ही गळती नव्हे, हे नागपूरच्या मे महिन्याचं गणित आहे. संध्याकाळी पोर्चमध्ये ४३ अंश आणि पहाटे २९ असेल तर आतली हवा चौदा अंशांनी थंड होते. निरपेक्ष तापमानाच्या हिशेबानं ती साधारण साडेचार टक्के आकसते आणि गाडी काही मिलिमीटर उतरते. चारही कोपरे सारखेच थोडे उतरले तर शांतपणे चहा प्या. एकच कोपरा सेंटिमीटरांत उतरला तर शोध सुरू करा. पुढचे दोन्ही सारखेच खाली आले तर पुढच्या व्हॉल्व्ह ब्लॉककडे आधी बघा, फुग्यांकडे नंतर.

हिवाळ्यात ही चाचणी पुन्हा करा. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे पारा दहाच्या आसपास आला की म्हातारं रबर ताठरतं, आणि मे महिन्यात रात्रभर टिकलेला फुगा तेव्हा हवा सोडतो.

साबणाचं पाणी

भांडी घासायचा पातळ साबण पाण्यात मिसळून फवाऱ्याच्या बाटलीत भरा. पाणी घट्टसर ठेवा, पातळ पाण्याचा बुडबुडा दिसण्याआधीच फुटतो. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेतल्याशिवाय खाली हात घालू नका. नुसत्या हवेवर उभी असलेली अडीच टनांची गाडी कधीही खाली येऊ शकते आणि ती येताना आवाज करत नाही.

आधी स्ट्रटच्या माथ्यावरचा पितळी जोड भिजवा. तिथे मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक येत असतील तर तुमचे पैसे वाचले. तो जोड स्वस्त मिळतो. मग नळी, हातानं चाचपत पूर्ण लांबीची. चाकाच्या आतलं प्लास्टिक काढायचा कंटाळा करू नका, माझा सगळा घोळ त्या कंटाळ्यातून झाला. कॉटन मार्केट किंवा इतवारीच्या बाजूला गोदामाजवळ गाडी उभी करत असाल तर उंदरांना पहिला संशयित माना.

शेवटी फुगा. तो खालच्या बाजूला स्वतःवरच दुमडलेला असतो आणि गाडी वरखाली होताना ती घडी फिरत राहते. चिरा पडतात त्या घडीत. पण घडीची जागा उंचीप्रमाणे बदलते, म्हणून नॉर्मल उंचीवर टिकणारी गाडी खालच्या उंचीवर ठेवली की रातोरात बसते, किंवा याच्या उलट. साबणाची तपासणी नॉर्मल, वरची आणि खालची अशा तिन्ही उंचींवर करा. काही स्ट्रटमध्ये फुगा धातूच्या डब्यात असतो आणि खाली धुळीचं रबरी टोपण असतं. तिथे टोपण सरकवून आत फवारावं लागतं, नाहीतर बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं.

मिस्त्रीला हे सगळं करायला सांगितलं तर तो म्हणतो, "एवढं कोण पाहून राहिलं भाऊ?" म्हणूनच घरी करा. एक रात्र आणि एक सकाळ लागते.

शॉकअप गेला का

हवा टिकते पण गाडी स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर दोन-तीनदा डुलते, वर्धा रोडच्या पुलाच्या सांध्यांवर नाक खाली-वर करते, टायरच्या कडेला हात फिरवला तर खळगे लागतात. हा शॉकअप थकल्याचा पुरावा. स्ट्रटच्या खालच्या भागावर तेलाचा ओलसर थर आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर प्रश्नच मिटला. बोनेटवर दोन्ही हातांनी दाब देऊन "बघा, उसळते" म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. मारुती ८०० वर ती चाचणी चालायची, या वजनापुढे माणसाचा जोर काहीच नाही.

खटखट वेगळी. डिस्कव्हरीत पुढून खटखट आली की बहुतेक वेळा लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश गेलेले असतात. गाडी जड आहे, ते बुश झिजणारच. आर्मला टॉमी (लोखंडी पहार) लावून हलवून बघा. स्ट्रट बदलून खटखट जात नाही आणि मग मालक स्ट्रटच्या कंपनीला शिव्या घालतो.

कॉम्प्रेसरचं कर्ज

गळणाऱ्या फुग्याची किंमत कॉम्प्रेसर चुकवतो. रोज सकाळी गाडी उचलायची, दिवसभर गळती भरून काढायची, तीही नवतपाच्या उन्हात. तो तापतो, स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो, डॅशबोर्डवर इशारा येतो, तासाभरानं थंड झाला की इशारा जातो. लोक म्हणतात "आपोआप बरी झाली." बरी झालेली नसते.

कॉम्प्रेसरजवळ हवा वाळवणारी एक डबी असते. आत ओलावा शोषणारे दाणे. जास्त चालून ते दाणे भिजतात, मग पावसाळ्यातली दमट हवा तशीच व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते आणि तिथे गंज धरतो. म्हणून चार-सहा महिने बसणारी गाडी चालवली असेल तर नव्या स्ट्रटबरोबर ही डबी आणि कॉम्प्रेसरचा रिले बदलण्याचे पैसे बाजूला ठेवा. रिले म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा विजेचा स्विच, छोटासा असतो, पण त्याचे टोक चिकटले तर कॉम्प्रेसर गाडी बंद असतानाही चालत राहतो आणि जळतो. सुरुवातीच्या डिस्कव्हरींमध्ये हिताचीचा कॉम्प्रेसर होता, पुढे एएमकेचा आला. हिताची काढून एएमके बसवायचा असेल तर सस्पेन्शनच्या संगणकात सॉफ्टवेअरही बदलावं लागतं. हे माहीत नसलेल्या गॅरेजात तो बसवू नका.

आता निवड

बाजारात एकाच स्ट्रटचे पाच-सहा अवतार मिळतात आणि विक्रेता सगळ्यांना "ओरिजिनल" म्हणतो. माझा क्रम सांगतो, कारणासकट.

गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला भाग सगळ्यात महाग. पण गाडी बनवणारी कंपनी सहसा फुगा आणि शॉकअप स्वतः बनवत नाही. तो बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, आणि त्यातल्या काही तोच दर्जा स्वतःच्या नावानंही विकतात. लँड रोव्हरच्या हवेच्या सस्पेन्शनशी डनलॉपचं नाव फार जुन्या काळापासून जोडलेलं आहे, अगदी १९९२ च्या रेंज रोव्हर एलएसईपासून, ज्यात ही यंत्रणा पहिल्यांदा आली. जर्मन गाड्यांत कॉन्टिनेंटल, व्हायब्राकूस्टिक आणि शॉकअपसाठी बिल्स्टाईन ही नावं भेटतात. तुमच्या जुन्या स्ट्रटवर पुसट झालेला शिक्का ओल्या फडक्यानं साफ करून वाचा, कोणी बनवला ते तिथेच लिहिलेलं असतं. त्याच कंपनीचा भाग तिच्या खोक्यात घेणं, हा माझ्या मते पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग.

दुसऱ्या फळीत आरनॉटसारख्या, फक्त हवेच्या सस्पेन्शनचंच काम करणाऱ्या कंपन्या. यांचे काही स्ट्रट पूर्ण नवे असतात, काही जुन्या सांगाड्यावर नवा फुगा चढवलेले. दोन्ही वाईट नाहीत, पण दोन्ही एका भावाचे नाहीत. बिलावर "नवा" की "रीकंडिशन" हे लिहून घ्या. रीकंडिशन असेल तर एकच प्रश्न विचारायचा: शॉकअप बदलला का? नुसता फुगा बदलून आत दीड लाख किलोमीटर चाललेला शॉकअप तसाच ठेवला असेल तर तुम्ही अर्धीच वस्तू नवी घेताय.

नुसता फुगा घेऊन इथेच बसवायचा मार्गही आहे. फुगा धातूच्या कड्यांनी दाबून बसवावा लागतो, त्याला दाबयंत्र लागतं. एमआयडीसीत हायड्रॉलिक होजला टोक दाबणारे कारागीर आहेत, हात चांगला आहे त्यांचा, पण होज दाबणं आणि फुगा दाबणं यात फरक आहे. फुगा थोडा पीळ खाऊन बसला तरी काही महिन्यांत त्याच पिळावर चिरतो. हा मार्ग मी एकाच परिस्थितीत सुचवेन: स्ट्रट दोन-तीन वर्षांपूर्वीच बदललेला आहे, शॉकअप कोरडा आणि ताकदवान आहे, आणि फुगा दगड लागून फाटला आहे.

मुंबईच्या कुर्ला किंवा दिल्लीच्या मायापुरीतून येणारा भंगारातला स्ट्रट? गाडीचा अपघात झाला म्हणून तिचं रबर तरुण होत नाही. बारा वर्षांचा फुगा काढून बारा वर्षांचा फुगा लावायचा, हे मला समजत नाही. आणि ज्या खोक्यावर कोणाचंच नाव नाही, नुसता गाडीचा फोटो आहे, तो स्ट्रट मी घेत नाही. किंमत पाहून मोह होतो, हे कबूल. पण फुगा फाटला की बरोबर कॉम्प्रेसरही जातो, तेव्हा त्या बचतीचा हिशेब उलटा पडतो.

जोडीनं घ्या, एका आसाची दोन्ही चाकं. डावा नवा आणि उजवा थकलेला ठेवला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला झुकते. शिवाय दोन्ही फुग्यांनी सारखेच उन्हाळे काढलेत, दुसऱ्याचा नंबर लांब नाही आणि मजुरी दोनदा जाते. दगड लागून फाटलेला तरुण स्ट्रट एवढाच अपवाद. चारही मात्र एकदम बदलायची गरज बहुतेकांना नसते. माझ्या गाडीत पुढची जोडी नवी आहे, मागची अजून कंपनीची.

नंबर जुळवणं, इथे घाई नको

स्ट्रट "डिस्कव्हरीचा" असा मागू नका. सतरा अक्षरी चेसिस नंबर द्या आणि त्यावरूनच भाग शोधायला लावा. लँड रोव्हरच्या चेसिस नंबरात दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं: २००९ ला ९, २०१० ला ए, २०११ ला बी. आरसीवरचं नोंदणीचं वर्ष यापेक्षा पुढचं असू शकतं, कारण गाडी शोरूममध्ये पडून राहिलेली असते.

मग वायर बघा. स्ट्रटला हवेच्या नळीशिवाय विजेची वायर जाते का? जात असेल तर शॉकअपचा कडकपणा संगणक ठरवतो. त्या गाडीत बिनवायरचा स्ट्रट बसतो, उचलतो, आणि डॅशबोर्डवर कायमचा इशारा देतो. क्यू७ च्या हवेच्या सस्पेन्शनमध्ये ही वायर असते. २०१० नंतरच्या रेंज रोव्हर स्पोर्टमध्ये प्रकारावर अवलंबून आहे. डिस्कव्हरी ३ मध्ये नसते. काही विक्रेते वायरच्या जागी संगणकाला फसवणारा छोटा तुकडा देतात. इशारा जातो खरा, पण शॉकअपचा कडकपणा गाडी पुन्हा कधीच बदलू शकत नाही. हे कळून-सवरून घेतलं तर हरकत नाही, न कळवता दिलं तर ती फसवणूक आहे.

डावा-उजवा वेगळा असतो का, वरचा माउंट आणि नट सोबत येतात का, पितळी जोड नवा मिळतो का, हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी विचारा. माउंटचं रबर जुनंच ठेवलं तर नव्या स्ट्रटवरही गाडी कुरकुरते.

खोकं आलं की बनवल्याची तारीख शोधा. रबर दुकानाच्या पत्र्याखाली पडूनही म्हातारं होतं. फुग्याच्या घडीवर पांढुरकी भुकटी असेल तर चिंता नाही, बारीक रेघा असतील तर परत करा. स्ट्रट हातानं ताणू नका, पिळू नका. काही स्ट्रट आत थोडी हवा भरूनच येतात, त्यांचा झडपेचा स्क्रू कुतूहलापोटी सैल करू नका.

वॉरंटीच्या कागदावर एक ओळ बारीक अक्षरात असते: बसवणाऱ्या गॅरेजचं बिल हवं. ते नसेल तर दावा नाही. म्हणून ओळखीच्या मिस्त्रीकडूनही बिल घ्या, त्यावर गाडीचे किलोमीटर लिहून घ्या. बाहेरदेशातून मागवत असाल तर भागाच्या किमतीत कुरिअर, सीमाशुल्क आणि परत पाठवायचा खर्च धरा. अवजड स्ट्रट इंग्लंडला परत पाठवावा लागणारी वॉरंटी कागदावरच राहते.

स्प्रिंग टाकून मोकळं व्हायचं का

प्रत्येक कट्ट्यावर कोणीतरी म्हणतोच, "काढून टाक ते सगळं, लोखंडी स्प्रिंग टाक." तसे किट मिळतात. गाडी पुन्हा बसत नाही, हे खरं. पण पेंचच्या बाजूला काळ्या मातीत गाडी उचलून घ्यायची सोय जाते, म्हातारी आई बसताना गाडी खाली आणायची सोय जाते, आणि टेरेन रिस्पॉन्सला, म्हणजे जमिनीप्रमाणे गाडीचं वागणं बदलणाऱ्या यंत्रणेला, सस्पेन्शनकडून उत्तर मिळणं बंद होतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना आडवं येतं. पंधरा वर्षं झालेली गाडी पुनर्नोंदणीसाठी फिटनेसला न्यावी लागते, आणि भारतात अधिकृतपणे २००९ पासून विकल्या गेलेल्या लँड रोव्हर आता त्याच उंबरठ्यावर आहेत. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर खाली वाकून बघतो तेव्हा काय उत्तर द्यायचं, तेही ठरवून ठेवा. गाडी फक्त शहरात फिरवायची असेल तर मी हवेची गाडीच घेऊ नका म्हणेन. घेतली आहे, तर हवेवरच ठेवा.

बसवताना तिथे उभे राहा

गॅरेज निवडताना एकच निकष: त्यांच्याकडे तुमच्या गाडीच्या सस्पेन्शनशी बोलणारा स्कॅनर आहे का. साधा इंजिनचा कोड वाचणारा चालत नाही. स्कॅनरनं त्या कोपऱ्याची हवा सोडता यायला हवी. टायरमध्ये अडीच बारच्या आसपास दाब असतो, या यंत्रणेत तो दहाच्या वर जातो. पाना लावून जोड एकदम उघडला तर डोळा जाऊ शकतो. क्यू७ सारख्या गाड्यांत जॅक लावण्याआधी मेनूतून जॅकची पद्धत चालू करावी लागते, नाहीतर गाडी हवेत लटकूनही स्वतःला समतल करायला बघते.

नळीचं टोक नव्या पात्यानं काटकोनात कापायचं. तिरकं टोक रबरी रिंग कापतं आणि नवी गळती सुरू होते. पितळी जोड हातानं घट्ट करून मग पान्यानं अगदी थोडा. याच्या चुड्या (आटे) मऊ असतात, ट्रकच्या नटासारखा जोर लावला की व्हॉल्व्ह ब्लॉकही गेला.

यापुढची चूक सगळ्यात जास्त होते. स्ट्रट बसला, चाक लागलं, मिस्त्री जॅक खाली सोडतो. रिकाम्या फुग्यावर गाडीचं वजन येतं, घडी चुकीच्या जागी चिमटते आणि नवा फुगा पहिल्याच दिवशी जखमी होतो. आधी हवा, मग वजन. गाडी लिफ्टवर किंवा घोडीवर असतानाच स्कॅनरनं नव्या स्ट्रटमध्ये हवा भरा, घडी चारही बाजूंनी सारखी आली का ते टॉर्च लावून बघा, मग हळूहळू खाली घ्या.

लोअर आर्म आणि स्ट्रटच्या खालच्या बोल्टचा शेवटचा आवळा गाडी नॉर्मल उंचीच्या स्थितीत असताना द्यायचा. चाक लटकलेलं असताना आवळला तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना, वापरा. डिस्कव्हरी ३ आणि ४ च्या चाकांचे नट १४० न्यूटन मीटरला आवळतात, हवेच्या गननं "कडक" करणाऱ्याला थांबवा. काढलेले नायलॉनचे नट पुन्हा वापरू देऊ नका. त्यानंतर अलाइनमेंट, तीही गाडी नॉर्मल उंचीवर असताना.

पहिला महिना

पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर सगळे जोड पुन्हा एकदा साबणानं तपासा. पुढचे सात दिवस रोज सकाळी टेप. घरच्यांना हसू द्या.

चिखलातून आलात की गाडी सगळ्यात वरच्या उंचीला घ्या आणि साध्या पाइपनं फुग्याची घडी धुऊन काढा. काळी माती वाळली की ती त्या घडीत पॉलिशपेपरचं काम करते. प्रेशरचं पाणी लांबून मारा. आणि वॉशिंग सेंटरवर "डिझेल मारू का खालून?" असं विचारतात तेव्हा नाही म्हणा, ठामपणे. चॅसिस चमकते, पण डिझेल रबर खातं. मी हल्ली गाडी धुताना तिथेच खुर्ची टाकून बसतो, कारण एकदा चहा घ्यायला गेलो होतो आणि परत आलो तर पोरगा फवारा हातात घेऊन चाकाखाली वाकलेला होता.

मोजमापाचा कागद मी ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवतो. पुढे डावीकडे रात्री ४७.१, सकाळी ४६.८. शेवटची नोंद कालची आहे.